आईच्या हाडांसाठी स्टेम सेल
गुहागरकर, आईच्या ठिसूळ हाडांसाठी मुंबईत स्टेम सेलचं इंजेक्शन द्यावं का, असं विचारलंत. माझ्या मते पैसे मोजून तर नकोच. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, हाड बांधणाऱ्या पेशी होतात, तशा चरबीच्याही. वय झालं की पारडं चरबीकडे झुकतं. ते फिरवायची कल्पना झकास, पण अजून चाचण्यांतच आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करा. टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला, तर हाडांची झीज रोखणाऱ्या, वर्षातून एकदा द्यायच्या झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडबद्दल डॉक्टरांना विचारा (किडनी, कॅल्शियम तपासूनच हं). आणि विहिरीकडच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं असेल, तिथे पावसाआधी ब्लीचिंग टाका, झावळ्या अंथरा. आमच्या वाडीत खुबे तिथेच मोडतात.