मदत हवी आहे : हिमोफिलिया आहे, कोल्हापुरात खोली घेऊन राहायचं आहे

गडहिंग्लजकर :
वय २२, हिमोफिलिया ए (रक्त गोठवणारं फॅक्टर आठ कमी असतं), सिव्हियर म्हणजे तीव्र, वजन ५८ किलो, इनहिबिटर (फॅक्टर निकामी करणारी प्रतिद्रव्यं) नाही. ब्लीडिंग झालं की फॅक्टर आठचं इंजेक्शन शिरेतून घेतो, शीर आई शोधते. पुढच्या महिन्यात गोकुळ शिरगाव एमआयडीसीत क्वालिटीचं काम सुरू होतंय. राजारामपुरीत कॉट बेसिसवर खोली बघितली आहे, चौघांत एक फ्रिज. व्हायल (औषधाच्या बाटल्या) कशा ठेवू? रात्री घोट्यात ब्लीडिंग होऊन तो धरला तर स्वतः घ्यायचं की सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठायचं? रूममेटना आणि कंपनीत सांगू का?

रंकाळा_वारा :
फ्रिजचं सगळेच विचारतात, पण गाडी अडते ती शिरेपाशी. महिना हातात आहे, तर आजपासून आईने फक्त बघायचं. २३ नंबरची बटरफ्लाय (पंख आणि नळी असलेली बारीक सुई) घे. टोचण्याआधी दोन ग्लास पाणी पी आणि हात कोमट पाण्यात धर, शीर वर येते. सुई गेल्यावर नळीत रक्त दिसलं की आधी टूर्निकेट (दंडाला बांधलेला पट्टा) सोडायचा, मगच ढकलायचं. मिनिटाला ३ मिलीपेक्षा जास्त वेग नको. टोचल्याजागी फुगायला लागलं तर शीर फुटली समज. तिथेच थांब, सुई काढ, दाब, दुसरी जागा नव्या सुईने घे. नंतर कापूस ५ मिनिटं दाबून धरायचा, आणि हात सरळ ठेवून. कोपर दुमडून बसायची सगळ्यांना सवय असते, त्यानेच निळं पडतं.

व्हायल आणि तिच्यासोबत मिळणारं पाणी आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे. घाईत गरम पाण्यात टाकलं तर फॅक्टर बिघडतं. पाणी बाटलीच्या कडेने सोड, बाटली गोल फिरव, हलवू नको, फेस होतो. बनवलेलं ३ तासांच्या आत संपवायचं.

डोसचा हिशेब : वजन × रक्तातलं फॅक्टर जितके टक्के वाढवायचं ते × ०.५. घोट्यासाठी ४० टक्के धरले तर ५८ × ४० × ०.५ = ११६० युनिट, म्हणजे १००० ची एक आणि २५० ची एक. अर्धी व्हायल उरवू नये. तुझ्या डॉक्टरांनी कमी-जास्त आकडा लिहून दिला असेल तर तोच. मुंग्या येऊन सांधा गरम लागला की घे, सूज दिसेपर्यंत थांबू नको. बर्फ फडक्यातून १५ मिनिटं, पाय उशीवर.

सीपीआर कधी? डोक्याला मार, मान-घसा सुजणं, पोट किंवा जांघ दुखून पाय सरळ न होणं, काळी शी. डोक्याच्या बाबतीत आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. तिथे लक्ष्य ८० ते १०० टक्के असतं, म्हणजे तुला सुमारे ३००० युनिट. तेवढा साठा खोलीवर राहील का, हे फाइल जिथे आहे तिथे आत्ताच बोल. त्याच वेळी प्रोफिलॅक्सिसबद्दलही (ब्लीडिंग होऊ नये म्हणून नियमित घ्यायचे डोस) विचार. सिव्हियर असताना नुसतं ब्लीडिंग झाल्यावर घेत राहिलं तर घोटा लवकर कायमचा खराब होऊ शकतो.

गडहिंग्लजकर :
आभार. फ्रिज आणि कंपनीचं?

पेठेतला_काका :
बाळा, फ्रिजमध्ये झाकणाचा डबा, मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता. मागे बर्फ धरतो, आणि गोठलेलं फॅक्टर फेकूनच द्यावं लागतं. दारातही नको, उघडझाप फार. २ ते ८ अंश हवं, साधा डिजिटल थर्मामीटर आत टाक. बऱ्याच कंपन्यांचं फॅक्टर ठराविक काळ बाहेर चालतं, पण एकदा बाहेर काढलेलं परत आत ठेवायचं नसतं. पत्रक वाच आणि बाहेर काढल्याची तारीख व्हायलवर लिही. वापरलेल्या सुया जाड डब्यात साठवून दवाखान्यात द्यायच्या. घंटागाडीत टाकशील तर गोळा करणाऱ्याच्या हातात घुसतील.

रूममेटपैकी एकाला सांगच. त्याला फक्त तीन गोष्टी माहीत हव्यात : डबा कुठे आहे, डोक्याला लागलं तर थांबायचं नाही, दंडात इंजेक्शन द्यायला कुणी निघालं तर अडवायचं, स्नायूत ब्लीडिंग होतं. अंगदुखीला मेडिकलवाला कॉम्बिफ्लाम हातात देतो, त्यात आयबुप्रोफेन असतं. ते नको, ब्लीडिंग वाढतं. डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनही नको. साधं पॅरासिटामॉल चालतं.

कंपनीत एचआरला लेखी दे आणि बसून करता येईल असं काम माग. आठ तास उभं राहिलास तर घोटा पहिला बोलणार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेव. लोक एक चूक करतात : सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्तविकार धरलेले नाहीत, उच्च शिक्षणातल्या ५ टक्क्यांत मात्र ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर येतात. सांधा कायमचा आखडला असेल तर अस्थिव्यंगाची तपासणी वेगळी करून घे.

आणि पेठेतला फुटबॉल काठावरून बघायचा, बरं का.

रंकाळा_वारा :
एक राहिलं. वहीत तारीख, सांधा, युनिट, बॅच नंबर लिहीत जा. नेहमीचा डोस घेऊन ब्लीडिंग थांबेना असं झालं तर वाढवत बसू नको, इनहिबिटरची तपासणी करून घे. बॅच नंबरचा स्टिकर व्हायलवरून निघतो, तोच वहीत चिकटव.