बैठकवालेही काही कमी हलत नाहीत
‘रॉकवालेच स्टेजवर घाम गाळतात, शास्त्रीयवाले नुसते मांडी घालून बसतात’ हे म्हणणं काही पटलं नाही बाप्पा. भीमसेनजींची तान आठवा. हात, खांदे, मान, सगळं अंग तानेत. मांडी तेवढी जागेवर.

मी इथे नागपुरात काही वर्षं साउंडवाल्याच्या हाताखाली मिक्सरवर बसलोय. आम्हाला उड्या मारणारा गायक सोपा, कारण माइक त्याच्या हातात, ओठांपासून तेवढ्याच अंतरावर. बैठकीत माइक स्टँडवर आणि गायक डोलणार! अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. एकदा एक बुवा समेआधी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेआधी, असे मागे रेलले की मी फेडर (आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची सरकपट्टी) वर चढवला, आणि ते नेमके पुढे झुकले. पहिल्या रांगेतल्या काकूंनी कानच झाकले.