आप्पा गेले, पण रविवारी नीट आहे

सेक्रेटरी (लातूर, सोसायटीचा ग्रुप): सर्वांना कळवायला फार जड जातंय. आपल्या कोपऱ्यावरच्या मेसचे आप्पा आज पहाटे लिंगैक्य झाले. रात्री छातीत दुखायलंय म्हणाले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माती आज दुपारी चारला, औसा तालुक्यात त्यांच्याच शेतात. येणाऱ्यांनी दीड वाजता गेटवर थांबावं. दोन गाड्या सांगितल्यात.

बी-१०१ काकू: अरे देवा! काल संध्याकाळी तर दारात बसून शेपू निवडत होते. मला म्हणले, वहिनी, माळवं लई महागलंय.

ए-३०२: भावपूर्ण श्रद्धांजली.

सी-२०४: विश्वासच बसेना. भावपूर्ण श्रद्धांजली.

बी-१०१ काकू: अक्कांजवळ कोण आहे?

सी-४०१ ताई: मी आहे काकू. लेक सोलापूरहून निघालीय. सकाळचा चहा-पोहे आचाऱ्यानं आणि भांड्याच्या मावशींनी मिळून केले, पोरांना वाढले. पोरं मात्र खाईनात, नुसती बाहेर ओट्यावर बसलीत.

ए-२०३ काका: आता महिनाभर तरी मेस बंद राहील. दीड-पावणेदोनशे पोरं आहेत, त्यांनी बिचाऱ्यांनी ऐन परीक्षेत जायचं कुठं? आणि रविवारी मेडिकलची नीट परीक्षा आहे.

ए-३०२: सुतकात कशी चालू ठेवणार? लोक काय म्हणतील?

सी-४०४ सर: त्यांच्याकडं सूतक पाळत नाहीत. आप्पा बसवण्णांना मानणारे होते, अक्काही. आत्ताच भेटून आलो. अक्का म्हणल्या, "सर, चूल बंद ठेवायची नाही. ह्यांना चाललं नसतं." तेव्हा तो प्रश्न मिटला. प्रश्न आहे माणसांचा. आज सगळे मातीला जातील, संध्याकाळचं कोण करणार?

बी-१०१ काकू: आजचं आमच्या बी विंगवर सोडा. पिठलं, भाकरी, भात. सहा-सात जणी बसलो तर भाकरी होतात.

सी-४०१ ताई: मी पण येते काकू. काठवट आणि मोठा तवा मेसमधलाच घेऊ.

बी-२०२: मी इथं नवीन आहे, दोन वर्षंच झाली. आप्पांना येता-जाता नमस्कार करायचे तेवढंच. तुम्ही सगळे इतके हळहळताय, कुणी त्यांच्याबद्दल सांगाल का?

सी-४०४ सर: सांगतो. मोठं होईल, पण वाचा.

आप्पा किल्लारीच्या पट्ट्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन छप्पन्नला भूकंप झाला तेव्हा विशीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं उशिरा झोपलेली. आपल्याकडची माळवदाची घरं, दगड-मातीच्या हातभर जाड भिंती आणि डोक्यावर मातीचा थर. तेच सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. त्या पट्ट्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. आप्पांची आई आणि धाकटा भाऊ त्यांत होते. पत्र्याच्या शेडमधल्या दिवसांविषयी ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच मला म्हणले होते, "सर, तवा कुणाच्या हातचं जेवलो ते अजून म्हाईत नाही. कुठून कुठून माणसं आलती. वाढताना कुणी जात इचारली नाही, पैसा तर नाहीच नाही."

पुढं लातूरला आले. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यांतल्या एका रस्त्यावरच्या हॉटेलात भांडी घासली. मग वाढपी झाले, मग भट्टीवर उभे राहिले. लग्न झालं, अक्का आल्या. तोवर अभ्यासाच्या लातूर पॅटर्नचं नाव झालेलं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत शाहू आणि दयानंद कॉलेजची पोरं झळकायची. नांदेड, परभणी, हिंगोली, बीडकडून पोरं पेटी-वळकटी घेऊन स्टँडवर उतरायची. या पोरांना घरचं जेवण पाहिजे, हे अक्कांनी ओळखलं. भाड्याच्या दोन खोल्या, एक स्टोव्ह, दोन जर्मनची पातेली, एवढ्यावर मेस सुरू झाली. स्वयंपाक अक्कांचा, बाजार आणि वाढणं आप्पांचं.

मेसला मेंबर असलेल्यांना खाडा म्हणजे काय ते माहीत आहे. न सांगता चुकवलेलं जेवण बिलातून वजा होत नाही, बहुतेक ठिकाणी हाच नियम. आप्पांकडंही होता. पण कुणी लागोपाठ दोन वेळा आलं नाही की रात्री भांडी आवरून ते स्वतः त्याच्या रूमवर जायचे. कुणाला ताप असायचा, त्याला मऊ भात आणि तुरीच्या वरणाचं पाणी. एका वर्षी टेस्टमध्ये मार्क पडले म्हणून एका पोरानं दोन दिवस दार लावून घेतलं होतं. आप्पा दाराबाहेर डबा घेऊन बसले. रागावले नाहीत, समजूत घातली नाही. "तू जेवल्याशिवाय मला घरी जाता यायचं नाही, अक्का वाट बघायलीय" एवढंच म्हणत राहिले. मध्यरात्रीनंतर कडी निघाली. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना फोन करून बोलावून घेतलं ते आप्पांनीच. ट्यूशन एरियात हजारो पोरं राहतात, त्यातलं कोण जेवलं नाही हे कळणारी माणसं किती असतील?

बी-२०२: सर, डोळ्यांत पाणी आलं.

ए-२०३ काका: २०१६ चा उन्हाळा पण सांगा त्यांना. मांजरा धरण कोरडं पडलेलं. नळाला पाणी नाही. टाक्यांवर मारामाऱ्या नकोत म्हणून जमावबंदी लावली होती. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. लातूरच्या बऱ्याच मेस तेव्हा बंद झाल्या, भांडी धुवायला पाणीच नव्हतं. आप्पांनी ताटं उचलून माळ्यावर टाकली आणि पळसाच्या पत्रावळ्या, द्रोण आणले. माळवं धुवायचं पाणी गाळून फरशीला, पातेली आधी राखेनं कोरडी घासायची मग धुवायची. टँकरचा दर वाढला तरी महिन्याचा दर तोच ठेवला. मी विचारलं, परवडतं का? म्हणले, "काका, औंदा परवडायचं नाही."

सी-४०१ ताई: आणि वेळ अमावस्या! त्या दिवशी आख्खं लातूर रानात जातं, दुकानं बंद. परगावच्या पोरांना काय माहीत? आप्पा टेम्पो करून सगळ्यांना आपल्या शेतात न्यायचे. कडब्याच्या कोपीतली पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. परभणीची एक पोरगी अजून मला विचारते, भज्जीत तुरीचे ओले दाणे किती घालायचे.

ए-१०४ (डॉक्टर, पुणे): ड्युटीवर आहे, आत्ता बघितलं. आईनं ग्रुपमध्ये ठेवलंय म्हणून कळलं. माझे दोन मित्र शेतकऱ्याघरचे. सोयाबीन विकल्यावर पैसे यायचे, म्हणजे दिवाळीपर्यंत त्यांच्या नावापुढं नुसती उधारीच. आप्पांनी त्यांना एकदाही सगळ्यांसमोर विचारलं नाही. त्यांची ताटं आमच्यासारखीच भरायची, रविवारच्या फीस्टला गुलाबजामही तेवढेच. दोघंही आज एमबीबीएस आहेत. एक अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात आहे, तो थेट मातीला येतोय. मला निघता येत नाही. काय पाठवू सांगा.

ए-३०२: मी म्हणतो चौकात मोठा फ्लेक्स लावू, सोसायटीच्या नावानं. आणि पुढच्या रविवारी श्रद्धांजली सभा.

बी-१०१ काकू: फ्लेक्स नको हो भाऊ. बसव जयंतीला दरवर्षी फुकट जेवण घालायचे, तेव्हा पोरांनी एकदा त्यांचा फोटो टाकून बॅनर केला तर स्वतः शिडी लावून उतरवला.

ए-३०२: मग काहीच करायचं नाही का आपण? चांगल्या माणसाचं नाव लोकांना कळायला पाहिजे की नाही? उद्या नवीन पोरं येतील, त्यांना कोण सांगणार?

सी-४०४ सर: तुमचं म्हणणं खरं आहे. नाव राहिलं पाहिजे. पण आज तो पैसा चुलीला लागेल. सभा नंतर घेऊ, मेसमध्येच घेऊ, जुन्या पोरांना बोलावू. ती बोलतील.

ए-३०२: चालेल सर. फ्लेक्सचे पैसे मी किराण्याला देतो. तांदूळ आणि तूरडाळ माझ्याकडून.

सी-४०१ ताई: पैसे अक्कांच्या हातात कुणी देऊ नका, घेणार नाहीत. मगाशी एक जण पाकीट घेऊन आले होते, परत पाठवलं. सामान आणा, हात लावायला या, त्याला नाही म्हणणार नाहीत.

ए-१०४ (डॉक्टर, पुणे): मग महिनाभर गॅसच्या टाक्यांचा खर्च आमच्या बॅचकडं. एजन्सीला मी परस्पर बोलतो. आणि उधारीची वही कुणीतरी सांभाळून ठेवा. ज्यांची नावं आहेत त्यांना आम्ही शोधतो, पण कुणाच्या दारात मागायला जायचं नाही. ज्याला आठवण आहे तो देईल.

सेक्रेटरी: आता रविवारचं ठरवू. पेपर दोनला, गेट दीडला बंद. सेंटर लांब असलेली पोरं अकराच्या आत निघतात. म्हणजे साडेनऊला पहिली पंगत बसली पाहिजे.

सी-४०१ ताई: पेपरच्या दिवशीचं आप्पांचं ठरलेलं असायचं. मुगाची खिचडी, पातळ कढी, दहीभात. तिखट नाही, तळण नाही, शेंगाची चटणीसुद्धा नाही. निघताना प्रत्येकाच्या हातावर दही-साखर. तेच करू.

बी-१०१ काकू: दही मी शनिवारी रात्री लावते. दूध कोण आणतंय?

ए-२०३ काका: दूध माझ्याकडं. वीस लिटर सांगतो.

बी-२०२: मी पहाटे पाचला येऊ का? मला खिचडी मोठ्या प्रमाणात जमत नाही, पण वाढायला, भांडी आवरायला येईन. माझ्याकडं गाडी आहे, कुणाचं सेंटर लांब असेल तर सोडते.

सी-४०१ ताई: ये गं, नक्की ये. हॉल तिकिटं बघून सेंटरची यादी आज रात्री करू. आप्पा दरवेळी करायचे, कोण कुठं आणि कुणाबरोबर.

सेक्रेटरी: ठरलं. यादी ताई करतील, चार गाड्या रविवारी दहाला गेटवर. वॉचमनला सांगितलंय, शनिवार-रविवार बाहेरच्या गाड्या आत लावू द्या. आणि आत्ता एक वीस झालेत. मातीला येणाऱ्यांनी खाली या. पोरं पंधरा-वीस आहेत, गाडी कमी पडतेय, ज्यांची गाडी निघत असेल त्यांनी दोघा-चौघांना घ्या.

ए-३०२: माझी निघतेय. चार जणांना घेतो.