साडेतीन वर्षांच्या हातात लाल बदाम: त्यात नेमकं काय बिघडलं?

घोडबंदरची_आई
काल नौपाडाकर यांनी लिहिलं होतं की, ज्यांना अजून चड्डीचं बटण लावता येत नाही त्या पोरांकडून व्हॅलेंटाइनची कार्डं करून घेणाऱ्या आईबापांना पोर नको असतं, फोटो हवा असतो. तिथेच प्रतिसाद द्यायला बसले, लांबत गेला, म्हणून वेगळा धागा काढते. ते वाक्य मला लागलंय.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. मागच्या रविवारी जांभळी नाक्यावरून घोटीव कागद आणि पोस्टर कलर आणले. बटाटा उभा कापला, वरच्या टोकाला सुरीने खाच पाडली, खालचं टोक निमुळतं तासलं, झाला बदामाचा ठसा. (बटाटा फडक्याने पुसून घ्या. ओल्या बटाट्यावर रंग घसरतो.) त्याने पहिला बदाम छान उठवला. दुसरा त्याच्यावरच. तिसराही तिथेच. मग काळ्या रंगात बोट बुडवून सगळ्यावर गोल गोल फिरवलं. माझा हात कागद बदलायला पुढे गेला होता, मी तो मागे घेतला.

"कुणाला द्यायचं?" विचारलं. मला वाटलं आजी म्हणेल. म्हणाला, "कचलावाल्या मावशीला." सोमवारी सकाळी बेल वाजली तसा कार्ड घेऊन दारात उभा. मावशींनी हात पदराला पुसले, कार्ड दोन्ही हातांत धरलं आणि त्यालाच विचारलं, "वरची बाजू कुठली रे?" त्याने फिरवून दाखवलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि तसंच धरून जिना उतरल्या.

फोटो मी काढलेला नाही. आता सांगा, यात कुठली संस्कृती बुडाली?

नौपाडाकर
तुमच्या मुलाचं कौतुकच आहे ताई, पण तुम्ही घरातलं सांगताय आणि मी शाळेतलं बोलत होतो.

माझी भाची पावणेचार वर्षांची. तिच्या प्ले-ग्रुपमधून यादी आली, २४ मुलांची नावं, प्रत्येकाला एक कार्ड, १४ तारखेला लाल कपडे. बहीण तीन रात्री कापत बसली होती. त्याचंही जाऊ द्या. त्या दिवशी तिथल्या एका बाईंनी मोबाईल समोर धरून मुलांना एकेक करून विचारलं, "तुझा व्हॅलेंटाइन कोण?" भाचीने एका मुलाचं नाव घेतलं. सगळी मोठी माणसं हसली, कुणीतरी "अय्या, जोडी" म्हणालं. ती क्लिप पालकांच्या ग्रुपवर फिरली. तेव्हापासून भाची त्या मुलाशेजारी डबा खायला बसत नाही. दोघं पहिल्या दिवसापासून एकत्र डबा खायची.

मैत्री काय असते ते तिला माहीत होतं. ती तुम्ही मोठ्यांनी घालवलीत. माझा राग त्यावर आहे आणि तो राहणार.

सीवूड्सची_स्वाती
नौपाडाकर, यादीमागचं कारण सांगते. मी चार वर्षं न्यू जर्सीत होते. तिथे लहान वर्गांत बहुतेक ठिकाणी नियमच असतो, कार्डं आणायची तर सगळ्यांना आणायची, नाहीतर आणायची नाहीत. कुणी मूल रिकाम्या हाताने घरी जाऊ नये म्हणून. मुलं बुटाच्या खोक्याला फट पाडून टपालपेटी करतात आणि एकमेकांच्या पेटीत कार्डं टाकतात. "तुझा कोण" हा प्रश्न तिथे येतच नाही, कारण सगळेच सगळ्यांचे असतात. आपण यादी उचलली आणि तिच्यामागचा विचार तिकडेच सोडला.

नौपाडाकर
म्हणजे मूळ चांगलं, आपण बिघडवलं? मुळात तरी काय होतं? इंग्लंडमध्ये १८४० साली पेनीत टपाल सुरू झालं आणि कार्डं पाठवणं स्वस्त झालं. त्याच दशकात अमेरिकेत वूस्टरच्या एस्थर हाउलंडबाईंनी बायका हाताशी धरून, लेसचे कागद चिकटवून, कार्डांचा मोठा धंदा उभा केला. हा दिवस पहिल्यापासून दुकानदारांनीच वाढवलाय. आपल्याकडे नव्वदच्या दशकात तो कार्डांच्या दुकानांतूनच आला, गोखले रोडवर मी डोळ्यांनी पाहिलाय.

कोपरीची_बालवाडीताई
मी ३१ वर्षं बालवाडीत शिकवलं. सण कुठला यावर मी भांडणार नाही, हातावर बोलते.

तीन वर्षांच्या आसपास मुलाला जेमतेम गोल जमतो. त्रिकोण बहुतेकांना पाचच्या सुमारास. बदाम त्याहून अवघड, वर खाच आणि खाली टोक. प्ले-ग्रुपमधल्या मुलाला "बदाम काढ" म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला कागद फाडू द्या. फाडणं हे बोटांचं उत्तम काम आहे, पुढे पेन्सिल धरायला तीच बोटं लागतात. भेंडीचा देठाकडचा भाग कापून ठसे उठवू द्या, फुलं उमटतात. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, पानं, बिया, शिंपले घेऊन आदिवासी पाड्यांवरची मुलं शिकवली. साहित्य विकत आणावं लागतं हे मला कधीच पटलं नाही.

आणि विकतच घ्यायचं असेल तर मुलाला चाळीस कार्डांच्या रॅकपुढे उभं करू नका. ते गोंधळतं, रडतं आणि मग तुम्हीच निवडता. दोन कार्डं समोर धरा, "यातलं कुठलं?" विचारा. त्याने बाबांसाठी बदाम सोडून ट्रकचं कार्ड उचललं तर तेच घ्या. दुकानात "हे नको, ते गोड आहे" म्हटलंत की ते कार्ड तुमचं झालं.

वाशी_सेक्टर१७
ताईंशी शंभर टक्के सहमत.
अवांतर: गाणं वाजणारी कार्डं लहान मुलांच्या हातात देऊ नका. आत बटन सेल असतो. आमच्या नातवाने मागच्या वर्षी कार्ड फाडून तो बाहेर काढला होता, सुनेने तोंडात जाता जाता धरला. असा सेल अन्ननळीत अडकला तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, उलटी करवायची नाही.

पाचपाखाडीचा_बाबा
खरा प्रश्न कुणी घेतच नाहीये. मुलीने स्वतः फाडून चिकटवलेलं कार्ड आम्ही शाळेत पाठवलं. परत आलं, सोबत चिठ्ठी, "कृपया नीट करून पाठवा." बाकीची कार्डं बोर्डावर लागली होती. त्यातली निम्मी स्टेशनरीच्या दुकानातून करून आणलेली, तिथे पाटीच आहे, "प्रोजेक्ट करून मिळेल." मुलगी बोर्डासमोर उभी राहून विचारत होती, "माझं कुठाय?" ज्युनियर केजीच्या मुलीला काय सांगायचं?

नेरुळची_मेघना
दुकानातून आणणाऱ्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे. मी आणलेत. तक्ते, मातीचं घर, कार्डंसुद्धा. महापेहून घरी पोचायला साडेआठ, मग स्वयंपाक, आणि अकरा वाजता ग्रुपवर मेसेज येतो, "उद्या आणणे." नौपाडाकरांची बहीण तीन रात्री कापत बसली, हे त्यांनी एका ओळीत उरकलं. तिचा नवरा त्या तीन रात्री काय करत होता?

नौपाडाकर
माझ्या मेहुण्यांवर घसरायचं कारण नाही. ते ऐरोलीहून साडेनऊला येतात.

नेरुळची_मेघना
मग बहीण किती वाजता येते तेही लिहा.

नौपाडाकर
आठला. ठीक आहे, मुद्दा कळला.

पाचपाखाडीचा_बाबा
मेघनाताई, मी आयांना नावं ठेवली नाहीत. घरात चिकटवाचिकटवी मीच करतो. माझं भांडण त्या चिठ्ठीशी आहे. आम्ही सगळेच दुकानात जायला लागलो तर शाळेला वाटणार मुलांना हे जमतं, आणि पुढच्या वर्षी याहून अवघड येणार. वाकडं कार्ड पाठवणारा एकटा पडतो.

नेरुळची_मेघना
हे मान्य. पण एकट्या आईने वाकडं पाठवून काय होणार? पोरीला "माझं कुठाय" विचारावंच लागतं ना? दहा जणांनी मिळून वाकडी पाठवली तर बोर्डावर लावावी लागतील.

घोडबंदरची_आई
धागा प्रोजेक्टवर गेलाय, पण जाऊ दे, तेच महत्त्वाचं दिसतंय.

नौपाडाकर, भाचीबद्दल वाचून वाईट वाटलं. "तुझा कोण" असं माझ्या मुलाला कुणी विचारलं असतं तर मीही भांडले असते. तेवढं तुमचं बरोबर. पण त्यासाठी कार्डाला शिक्षा कशाला? चिडवणारी माणसं राखीपौर्णिमेलाही चिडवतात.

ताई, खळ कशी करायची? तो फेविकॉलची बोटं तोंडात घालतो.

कोपरीची_बालवाडीताई
दोन चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळत राहा. बाइंडिंगवाले त्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तुम्ही अजिबात घालू नका, ते विष आहे. लागेल तेवढीच करा, दोन दिवसांत आंबते.

नौपाडाकर
१४ तारखेला माझा विरोध आहे तसाच आहे. भेंडीचे ठसे भाचीबरोबर शनिवारी करून बघेन. कार्ड कुणाला द्यायचं ते तिलाच विचारेन, आणि त्या डब्यातल्या मित्राचं नाव घेतलं तर त्याच्या घरी घेऊन जाईन.

पाचपाखाडीचा_बाबा
मेघनाताई, दहा जणांचं मनावर घेतलंय. आमच्या वर्गातले चार पालक तयार झाले. पालकसभा पुढच्या शुक्रवारी आहे. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे, सभेत वाचणार. तुम्ही तुमच्या शाळेत कधी विचारताय?