पैसा कुणाच्या खात्यावर जातो?
बाई कमवायला लागली की घरात तिचं ऐकलं जातं, असं म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. अमळनेर तालुक्यातली माझी काकू पंधरा वर्षं बिबडे (ज्वारीचे वाळवलेले पापड) आणि इतर पापड विकते. पहिली सात-आठ वर्षं दुकानदार पैसे काकांच्या हातात द्यायचे, आणि घरात काकूचं स्थान होतं तिथंच होतं. बचत गटातून तिचं स्वतःचं खातं निघालं, दुकानदारांना तिनं तोच नंबर दिला, तेव्हा फरक पडला. धाकटीच्या नर्सिंगची फी भरताना कुणाला विचारावं लागलं नाही. "हाऊ पैसा मन्हा शे," म्हणजे हा पैसा माझा आहे, असं ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

आणखी एक गोष्ट, कष्टांची. बिबड्यांसाठी ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, पहाटे तीनला उठून चुलीवर मोठ्या पातेल्यात घाटा, म्हणजे त्या भरडीचं घट्ट पीठ, शिजवायचा, उन्हं तापायच्या आत ओल्या धोतरावर थापून संपवायचा. वर स्वयंपाक, गुरं, पाणी आहेच; त्यातलं एकही काम घरात दुसऱ्या कुणी उचललं नाही. चैत्र-वैशाखात तिची कंबर धरते ती पावसाळ्यापर्यंत. म्हणून गटाच्या बैठकीत कर्जाइतकीच मोठं पातेलं, घाटा घोटायचं यंत्र यांचीही चर्चा व्हायला हवी. उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला, शुल्क नाही, तीही बाईच्याच नावानं करा. काकूची अजून नवऱ्याच्या नावावर आहे, ते आम्ही या दिवाळीत बदलतोय.