पश्चिमेच्या भिंतीत पेंढा भरावा का? (मातीचं घर, गुहागर)

नारळीपोफळी:
नमस्कार मंडळी. गुहागरजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्यांचं मातीचं घर बांधतोय. चिऱ्याचं जोतं झालंय, वर फूटभर जाडीची मातीची भिंत येईल. अडचण पश्चिमेची. दुपारनंतरचं ऊन तिथेच आणि पावसाची झडही तिथूनच. बायको म्हणते, त्या बाजूला पेंढ्याच्या गासड्या रचून वरून मातीचा गिलावा करू, घर गार राहील. भाताचा पेंढा घरचाच आहे. कोणी केलंय का असं?

सुरंगी:
दादा, मी राजापूरकडे मातीची घरं बांधून देते. वहिनींचं म्हणणं अगदी चूक नाही. पेंढ्यात कोंडलेली हवा उष्णता अडवते. माती अडवत नाही, साठवते. दुपारचं ऊन फूटभर भिंतीतून आत झिरपेपर्यंत रात्र होते, आणि नेमकी झोपायच्या वेळी खोली तापते. घाटावर रात्रीच्या गारव्यात भिंत निवते तरी. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही घामाच्या धारा, भिंत निवणार कधी?

पण गासड्या नकोत. पेंढ्यात २० टक्क्यांवर ओलावा बरेच दिवस टिकला की तो कुजतो. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, हवेत मीठसुद्धा पाणी सोडतं. वाळवी आणि उंदीर वेगळेच.

पश्चिमेला चांगली ६ फुटी पडवी काढा, पाख, म्हणजे छपराचा उतार, खाली उतरवा. पावसाळ्यात कडेने झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधा. आणि खर्च करायचाच तर छपरावर करा. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, कौलांखाली माळा नसेल तर भिंतीचं कौतुक करून काय उपयोग?

चिरेबंदी:
ताई, पेंढा अगदीच बाद नका करू. पातळ चिखलात घोळवून फळ्यांमध्ये ठासला तर हलकी भिंत होते. वाळायला साधारण इंचाला आठवडा धरा. दिवाळीनंतर लगेच भरली तर ६ इंची भिंत संक्रांतीपर्यंत वाळते.

सुरंगी:
आतल्या आडभिंतीला चालेल, बाहेरच्या अंगाला मी तरी करणार नाही. पेंढा वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताचा घ्या, माळ्यावर राखून ठेवा. ऑक्टोबरच्या कापणीला परतीची सर गाठते, तो पेंढा बघायला कोरडा आणि आतून दमट. काडी वाकवून बघा, कडकन मोडली पाहिजे. गिलावा चुन्याचा करा. सिमेंट लावलंत तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. गवंडी सिमेंटचाच आग्रह धरेल, ऐकू नका.

नारळीपोफळी:
पडवी बायकोला लगेच पटली, सुपारी वाळवायला जागा हवीच होती तिला. खांब माडाचे घालू का? एक माड पाडायचाच आहे.

सुरंगी:
जुना, भरलेला माड असेल तर घाला, पण जमिनीत पुरू नका. खाली चिऱ्याची बैठक द्या, हातभर तरी उंच. कोवळा असेल तर सरळ चिऱ्याचेच खांब बांधा.