क्लॅरिनेटच्या माउथपीसची एक कड जास्त झिजली आहे, घरी घासावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. माझ्याकडे बाबांचा एबोनाइटचा (कडक काळ्या रबराचा) माउथपीस आहे. लग्नाच्या वराती, जत्रा, विसर्जनाच्या मिरवणुका, बाबांनी सगळं याच्यावरच वाजवलं. आता मी वाजवतो.

गेले दोन महिने रजिस्टर की (वरच्या सुरांत नेणारी मागची कळ) दाबून वरच्या सुरांत गेलं की आवाज चिरकतो. पत्त्या (माउथपीसवर बांधतो ती कंप पावणारी पातळ पट्टी, रीड) बदलून पाहिल्या, फरक नाही. मित्राचा माउथपीस लावला तर त्याच क्लॅरिनेटवर, त्याच पत्तीने स्वच्छ सूर लागतो. पत्ती लावलेल्या माउथपीसचं खालचं तोंड तळहाताने बंद करून हवा ओढली की पत्ती क्षणभर चिकटून 'टप्' करून सुटायला हवी ना? माझी चिकटतच नाही.

मग गॅरेजवाल्याकडून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) आणला. पत्ती बसते त्या सपाट भागावर जाड काच दाबून धरली (टोकाकडे दोन्ही कडा काचेपासून हळूहळू दूर वळतात) आणि ०.०४ मिमीचं पातं टोकाकडून आत सरकवलं. पातं तिरकं होऊन थांबलं. डावीकडे टोकापासून १६.५ मिमीवर, उजवीकडे १८ वर. तीनदा मोजलं, तेच. म्हणजे उजवी कड जास्त झिजली आहे. कारण बहुतेक मला माहीत आहे. वाजवून झालं की बाबा सुती कापड दोरीला बांधून माउथपीसमधून ओढायचे, आणि दोरी नेहमी त्याच कडेला घासायची. मी आता माउथपीस काढून ठेवतो, कापड फक्त खालच्या नळीतून फिरवतो.

झिजलेली बाजू भरता येत नाही, म्हणजे चांगली असलेली डावी कडच घासून १८ पर्यंत न्यावी लागणार. इथेच हात थांबतो. काचेवर ६०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून घासलं आणि हात टोकाकडे गेला, तर टोक आणि पत्ती यांच्यातली फट वाढेल. सध्या ती साधारण १.१ मिमी आहे, आणि पाच शतांश मिमीचा फरकसुद्धा ओठाला कळतो. उलट सपाट भाग घासला तर फट कमी होईल आणि कडांचा वक्रही आखूड होईल. फक्त एकच कड घासताना माउथपीस कसा धरता? किती वेळा घासून पुन्हा मोजता?

मागच्या पावसाळ्यात बुरशी आली म्हणून मी तो गरम पाण्यात धुतला होता. काळ्याचा शेवाळी झाला, गंधकाचा वास सुटला. ते अजून मनाला लागून आहे. टोकावरचा पांढरा थर मात्र पाणी घातलेल्या माडाच्या व्हिनेगरने दहा मिनिटांत निघाला, थंड पाण्यातच.

पणजीत एका दुकानात दाखवला तर "नवीन घ्या" म्हणाले. नवीन घेईनही, पण हा टाकणार नाही. मडगाव, बेळगाव, कोल्हापूर, कुठेही हे काम हाताने करणारं कोणी असेल तर कृपया सांगा. कुरिअरने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन. तोवर एका जुन्या प्लॅस्टिकच्या माउथपीसवर हात बसवतो आहे.